तळहाताखालची बांग

अर्जासा, कांगेआन बेट
१४ मे १९९४

मिस्नावी,

अस्सलामु अलैकुम.

हे पत्र जुमालीच्या हाती देतोय. त्याची होडी सुकी मासळी घेऊन सिंगराजाला निघालीय आणि तुझं दुकान कुठल्या गल्लीत आहे ते त्याला ठाऊक आहे. मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं, किंवा नाही असं मी म्हणत आलो. सोबत वाळवलेल्या माकुळांची पुडी आहे. ठेवायची नसेल तर जुमालीलाच देऊन टाक. त्यानं आजवर कशाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. काही मागायला नाही. आमचं सगळं बरं आहे. हातिमाचे गुडघे थकलेत, जीभ थकलेली नाही. तिन्ही मुली उजवल्या. घर आता विटांचं आहे, पण अंगण तेच, पश्चिमेला नमाजाची खोली तीच, आणि आपल्या आईनं, एम्बूनं लावलेला फणस अजून फळ धरतो. दोन वर्षांपूर्वी मक्केला जाऊन आलो, तेव्हापासून लोक हाजी म्हणतात. तुला हवं ते म्हण.

खरं तर धंद्यातला एक प्रश्न आहे, म्हणून लिहिलं. माझ्याकडे एक बेकिसर आहे. बाप रानातला हिरवा कोंबडा, आई आपल्या अंगणातली कोंबडी. आता दहा महिन्यांचं झालं. अंगावर उन्हात पाहावं तर हिरवं, सावलीत पाहावं तर काळं. तुरा काठाला गुळगुळीत, जांभळ्यातून निळ्यात जाणारा. गळ्याखाली एकच लोळी. उभं राहतं तर वाटतं आता बोलेल. बोलत नाही. बाकीची सातव्या-आठव्या महिन्यात गळा काढतात, आधी फाटका, मग सरळ. यानं फाटकाही काढलेला नाही.

आपल्या घरचा नियम तू विसरला नसशील. आरवायचं वय झाल्यावर येणाऱ्या पहिल्या मोलुदपर्यंत जे आरवलं नाही ते मोलुदच्या हंडीत. आपल्या बापाचा, एप्पांचा नियम. मी तो अंगणाबाहेर नेला, आता सगळं गाव तो पाळतं आणि माझं नाव घेऊन पाळतं. यंदा मोलुद, पैगंबरांचा जन्मदिवस, वीस ऑगस्टला आहे.

तर एवढंच विचारायचंय. त्या वर्षी तू म्हणत होतास, अजून थांब. किती दिवस थांबणार होतास? एक चांद? दोन? तुझ्या मनात काही आकडा असेलच. तेवढा कळव. एक ओळ लिहिलीस तरी पुरे.

आई कुठली, असं विचारशील. काळ्या नखांची. तू मागे ठेवून गेलास ती कधीच गेली. ही तिच्यातलीच.

तुझा भाऊ,
दुरासीद


अर्जासा
८ जून

मिस्नावी,

जुमाली परत आला. होडी वाळूला लागायच्या आधीच मी पाण्यात गुडघाभर उभा.

"दिलं?"

"दिलं."

"काय म्हणाला?"

"माकुळ बघून म्हणाला, चांगली वाळलीय."

"आणि पत्र?"

"खिशात घातलं."

"उघडलं नाही?"

"हाजी, मी मासळी विकायला गेलो होतो. त्याच्या खिशाकडे बघत बसायला कुणी पाठवलं नव्हतं."

बरं. खिशात तर खिशात. चुलीत नाही गेलं.

हल्ली दुपारी त्या मुक्या पक्ष्याच्या पिंजऱ्याखाली बसतो आणि मला एप्पांची होडी आठवते. तू तेव्हा चार वर्षांचा, घरी एम्बूच्या कडेवर. मी बारा वर्षांचा, होडीतलं पाणी उपसायला. पूर्वेचा वारा सुरू होता आणि पलीकडच्या बेटांवरचं रान पेटल्यामुळं समुद्रावर धूर बसला होता. भरदिवसा आपल्याच होडीचं नाक दिसेना. आमच्या तीन होड्या एकत्र निघाल्या होत्या. मी रडायला लागलो तर एप्पा म्हणाले, "रडतोस तर रड, पण आवाज न करता. मला ऐकायचंय."

मग आमच्या डोलकाठीवरचा पक्षी बोलला. तुला सांगायला नको बेकिसराची बांग कशी असते. घरच्या कोंबड्यासारखी चार तुकड्यांत नाही. एकच सूर, बारीक, सरळ, आणि शेवटी तोडल्यासारखा. तो गेला धुरात. आम्ही थांबलो. मला वाटलं संपलं. आणि मग डाव्या हाताला, कितीतरी लांबून, दुसरा आला. एप्पा म्हणाले, "हा मारझुकीचा." मग मागून तिसरा. एप्पांनी सुकाणू वळवलं आणि संध्याकाळच्या आत तिन्ही होड्या एकमेकींच्या दोरीत होत्या. दिसलं कुणालाच काही नव्हतं.

माझे कान त्या दिवशी तयार झाले. पुढं आयुष्यभर मी त्यांवरच जेवलो. सुराबायाचे व्यापारी पिसारा बघतात, मी डोळे मिटतो. पण अजूनही एक गोष्ट माझ्या डोक्यात मावत नाही. रानातला कोंबडा माणसाला बघून फाटका ओरडतो. घरची कोंबडी तर आरवतच नाही. त्या दोघांतून हा सूर कुठून येतो? आणि ज्याच्यात तो येतो त्याला पिल्लू होत नाही. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. रानातून अंडी आणा, खुडूक कोंबडीखाली ठेवा, त्यातला एखादा नर माणसाळवा, दोन वर्षं थांबा, मग त्याला घरच्या कोंबडीजवळ सोडा. तीस अंड्यांत आठ पिल्लं. आठांत तीन नर. तिघांत एकाचा गळा. आणि त्या एकाबरोबर ते संपतं.

सगळं गाव म्हणायचं, सूर बापाचा. म्हणून सगळे रानात नर शोधत फिरायचे. तू एकटा खुराड्यात कोंबड्या निवडत बसायचास. म्हणायचास, सूर आईकडून येतो, ती नुसती बोलत नाही. मी हसलो होतो. शेजारचा सामुजी हसला होता. सामुजी अजून हसतो, दात तेवढे कमी झालेत.

काळ्या नखांच्या कोंबडीबद्दल गेल्या पत्रात ओझरतं लिहिलं. नीट लिहितो. तू गेलास तेव्हा ती रवणीला बसली होती. मी तिला ठेवली. तिच्या लेकी ठेवल्या, त्यांच्या लेकी ठेवल्या. गेल्या वर्षी पावसाच्या शेवटी मानमोडी आली आणि खुराडं साफ झालं. एकच म्हातारी उरली. तिनं नऊ अंडी दिली, दोनांतून पिल्लं निघाली, आणि तीही गेली. दोनांतली एक मादी, ती वांझ. दुसरं हे मुकं. म्हणजे तू जी वीण सुरू केलीस तिचा आता हा एवढा एकच गळा आहे आणि तो गप्प आहे.

आकडा कळव.

दुरासीद


अर्जासा
२ जुलै

मिस्नावी,

तुझं पत्र नाही. ठीक आहे. जुमालीच्या हातून हे तिसरं.

गावात आता मजा सुरू झालीय. सकाळी सामुजी कुंपणावरून डोकावतो. "हाजी, बोलला का नवरदेव?"

"अजून लाजतोय."

"लाजू दे, लाजू दे. नारळ किती लागतील ते सांग, मी पाडून ठेवतो. लाजऱ्याचा रस्सा दाट लागतो."

मी हसतो. हसावंच लागतं. गेल्या वर्षी त्याचं असंच एक अकरा महिन्यांचं मीच कापायला लावलं होतं. तेव्हा तो म्हणत होता, याची आई उशिरा अंड्यावर आली होती, हाही उशिरा बोलेल. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आता तो माझ्याकडून नियम ऐकायला रोज येतो.

मोलुदची सगळ्या गल्लीची कोंबडी अजून मीच कापतो. एप्पांची सुरी, झिजून बोटाएवढी उरलीय. तुला माझा हात आठवत असेल. बिस्मिल्ला म्हणायचं, एकदाच फिरवायची, पक्षी शांत होईपर्यंत धरून ठेवायचा. लोक घाई करतात, फेकून देतात तडफडायला. मग मांस ताठरतं आणि मनालाही बरं वाटत नाही. पाणी बोट दोनदा बुडवता येईल आणि तिसऱ्यांदा येणार नाही एवढंच तापलेलं हवं. उकळलं की कातडी फाटते. पिसं उलट्या दिशेनं. लव नारळाच्या वाळल्या झावळीवर भाजायची, मग राख चोळून धुवायचं. बायका म्हणतात, हाजीनं सोललेलं कोंबडं परत जिवंत होऊन लग्नाला जाईल.

पोट उघडल्यावर मी अजूनही दर वेळी थांबतो. इतकी वर्षं झाली तरी. अंड्यावरची कोंबडी असेल तर आत पिवळ्या बलकांची माळ असते. उद्याचं अंडं लिंबाएवढं, परवाचं सुपारीएवढं, मग वाटाणा, मग मोहरी, मग डोळ्यांना न दिसणारी. पुढच्या वर्षाची अंडीसुद्धा आधीच मोजून ठेवलेली. घरच्या कोंबड्याच्या पाठीशी बीजाची दोन बोंडं असतात, घेवड्याच्या दाण्यापेक्षा मोठी. बेकिसराच्या तिथं तांदळाचे दोन दाणे. एवढा गळा आणि पाठीशी तांदळाचे दोन दाणे. ज्यानं हे केलं त्याचा हिशोब मला कळत नाही. त्याच्यापुढं मान खाली जाते, एवढं कळतं.

मी आणखी एक करतो. हे कुणाला सांगितलेलं नाही. उघडायच्या आधी प्रत्येक पक्ष्याच्या छातीवर तळहात ठेवतो, दाबतो आणि ऐकतो. गल्लीतल्या बायकांना वाटतं ही हाजीची काही दुआ असेल. एक हातिमाच तेवढं बघते आणि दुसरीकडे तोंड फिरवते.

काल मी पिंजऱ्याखाली बसलो होतो. ती मका निवडत होती. मला म्हणाली, "तो मेल्यावर बोलला होता. तू जिवंत असून बोलत नाहीस."

मी म्हटलं, "गप्प बस."

"तेव्हाही हेच म्हणाला होतास," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

पुढच्या पत्रात लिहीन.

दुरासीद


अर्जासा
२४ जुलै

मिस्नावी,

हे पोस्टानं पाठवतोय, सुमेनेपवरून फिरून येईल. वारा इतका आहे की जुमालीची होडी आठवडाभर वाळूवर उलटी पडलीय. बरंच झालं. त्याच्या हाती द्यायचं असतं तर कदाचित मी हे लिहून फाडलं असतं. पोस्टाची पेटी परत देत नाही.

त्या वर्षी मोलुद पावसाच्या शेवटी आला होता, अंगणात चिखल होता. तुझ्या पक्ष्याला तेरावा महिना लागलेला. तू तो रानात शोधून आणलेल्या नरापासून नाही, सामुजीच्या लंगड्या नरापासून काढला होतास, मुद्दाम, कारण कोंबडी खरी आहे हे तुला दाखवायचं होतं. सगळं गाव जाणून होतं की तो आरवला तर मिस्नावी शहाणा, नाही तर मिस्नावी वेडा. तो आरवला नाही. सकाळी तू म्हणालास, "दादा, अजून थांब." मी म्हटलं, "एप्पा थांबले असते?" तू पाठ फिरवलीस. तू किनाऱ्याकडे गेलास असं मी समजलो.

कापला. त्याबद्दल मी आजही मान वर करून बोलेन. माझ्या हिशोबानं ते मुकं होतं आणि नियमात कापलं. पिसं काढली, भाजलं, धुतलं. मुंडकं बाजूच्या पाटीत होतं हे लक्षात ठेव. चुलीशी मी आणि हातिमा, ती पाणी ओतत होती. आतलं सैल व्हावं म्हणून मी छातीवर तळहात ठेवून दाबलं.

ते बोललं.

बायका कधी कधी म्हणतात, दाबल्यावर मेलेली कोंबडी कण्हते. आत वारा राहिलेला असतो, तो नळीतून निघतो, त्यात विशेष काही नाही. मीही शेकडो वेळा ऐकलंय. हे ते नव्हतं. ही बांग होती. सुरुवातीपासून, न फाटता, एकच सूर, वर चढला आणि तिथं टिकला. माझ्या तळहाताखाली छाती रिकामी होत गेली आणि तो तेवढा वेळ टिकून राहिला. पिसं नाहीत, डोकं नाही, रक्त पाटीत गेलेलं. शेवटी तोडल्यासारखा थांबला, जसा थांबायला हवा तसाच.

मिस्नावी, मी धुरात मारझुकीचा पक्षी ऐकला होता. पुढं या हातांतून किती गेले, सुराबायाच्या स्पर्धांत किती ऐकले. त्या सुराजवळ कुणी गेलेलं नाही. माझे हात तिथंच राहिले. मला वाटलं मी उठलो तर काहीतरी सांडेल. त्या मांसाच्या गोळ्यात तो सूर पूर्ण तयार होऊन बसला होता, दिवसांची वाट बघत. किती दिवसांची, ते मी तुला पहिल्या पत्रापासून विचारतोय.

हातिमा म्हणाली, "ऐकलंस?"

मी म्हटलं, "गप्प बस."

थोड्या वेळानं तू पिशवी घ्यायला आत आलास. उंबऱ्यात उभा राहिलास. मला विचारलंस, "काही होतं का त्याच्यात?" इतकंच. आणि मी हात धूत म्हणालो, "काही नव्हतं. मुकंच होतं."

का म्हणालो, त्याची कारणं मी एकोणीस वर्षं जमवलीयत आणि एकही धड नाही. गाव हसेल, हे एक. थोरला चुकला असं धाकट्यासमोर कसं म्हणायचं, हे दुसरं. पण खरं हे की तेवढ्या वेळात माझं मन खुराड्याकडे जाऊन आलं होतं. तिथं काळ्या नखांची बारा अंड्यांवर बसली होती. तू उंबऱ्यात होतास आणि मी मनात तिची पिल्लं वाटून घेत होतो.

तू जेवला नाहीस. दुपारच्या होडीनं गेलास. गावानं म्हटलं, वेडा होता, गेला. मी काही म्हटलं नाही.

पुढं जे विटांचं घर झालं, जो मक्केचा प्रवास झाला, ते सगळं तिच्या लेकींच्या अंड्यांतून झालं. सुराबायाचा हर्तोनो दर वर्षी विचारायचा, "तुमचे रानातले नर कुठल्या डोंगरावरचे?" आणि मी लांबच्या एका डोंगराकडे बोट दाखवायचो. बिचारा दोनदा चढून आला.

आता सगळं सांगितलं. तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस.

दुरासीद


अर्जासा
१० ऑगस्ट

मिस्नावी,

मोलुद दहा दिवसांवर. पक्षी गप्प. मी त्याच्यासमोर कोवळ्या कोंबड्यांना आरवायला बसवलं, आरशाचा तुकडा टांगला, मक्यात आलं किसून घातलं, पहाटे पाणी शिंपडलं. तो माझ्याकडे मान वाकडी करून असा बघतो की जणू मीच काहीतरी बोलायचा राहिलोय.

ठरवलंय, कापायचा नाही. पण नुसता कापला नाही तर गाव म्हणेल हाजीनं स्वतःपुरता नियम मोडला. म्हणून का ते सांगावं लागणार, आणि सांगायचं तर पहिल्यापासून. क्याईंकडे, आपल्या धर्मगुरूंकडे गेलो. म्हातारे आता पडूनच असतात, पण कान माझ्यापेक्षा चांगले. सगळं ऐकून घेतलं.

"मोलुदला मशिदीत सगळ्यांसमोर सांगू म्हणतो," मी म्हटलं.

"सांग."

"जेवणाआधी की नंतर?"

"नंतर. उपाशी माणसं माफ करत नाहीत."

"आणि माफ नाही केलं तर?"

"पोटं तरी भरलेली असतील." मग डोळे मिटून म्हणाले, "दुरासीद, तू हजला गेलास तेव्हा सगळ्यांची माफी मागत गल्लीगल्ली फिरला होतास. माझ्याकडेही आला होतास, एक केळीचा घड कापल्याबद्दल."

"हो."

"घड आठवला तुला," ते म्हणाले. मी उठून आलो.

हातिमाला सांगितलं तर ती म्हणाली, "माझा चांगला सारोंग इस्त्री करून ठेवते. एकोणीस वर्षांनी बोलणार आहेस, नटायला नको?"

दुरासीद


अर्जासा
२२ ऑगस्ट

मिस्नावी,

झालं.

ताटं मशिदीच्या ओट्यावर लावली, भाताचे ढीग, काड्यांना टोचलेली फळं, कागदी झेंडे, मुलांची झोंबाझोंबी, सगळं तू पाहिलंयस तसंच. सामुजी माझ्या ताटातलं कोंबडं उचलून बघत होता. "हे ते नाही," तो म्हणाला. "हे तर रस्त्यावरचं."

"हे ते नाही," मी म्हटलं. "सांगतो. जेव आधी."

जेवण झाल्यावर उभा राहिलो. हातांना काय करायचं ते कळेना. शेवटी तळहात पुढं धरला, असा दाबून दाखवला आणि सांगितलं. तो बोलला ते सांगितलं. तू विचारलंस ते आणि मी काय म्हणालो ते. कोंबडी कुणाची होती ते. सूर आईकडून येतो हे कोण म्हणालं होतं ते.

मग सामुजीनं तोंड उघडलं.

"म्हणजे एकोणीस वर्षं आम्ही रानात काट्यांत फिरतोय आणि गंमत तुझ्या खुराड्यात होती?"

"हो."

"माझा गुडघा गेला त्या डोंगरावर."

"हो, सामुजी."

"आणि गेल्या वर्षीचं माझं? तेही बोललं असतं?"

"त्याला दाबलं होतं मी," मी म्हटलं. "ते खरंच मुकं होतं. अल्लाची शपथ."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू सगळ्या ओट्यावर पसरलं. सामुजी हसला नाही. तो माझ्याशी अजून बोलत नाही. बरोबरच आहे. आणखी दोघं न बोलता उठून गेले. जुन्या मारझुकीची विधवा, आता ऐंशीला टेकलेली, बायकांच्या बाजूनं ओरडून म्हणाली, "भावाला लिहिलंस का?"

"लिहिलं."

"उत्तर?"

"नाही आलं."

"मग अजून थांब," ती म्हणाली.

ते शब्द कुणाचे, हे तिला ठाऊक नव्हतं. मी मात्र तिथंच खाली बसलो.

घरी आलो. हातिमानं तुझ्या नावाचं एक ताट आधीच बाजूला काढून ठेवलं होतं, ते कुणी खावं ते कळेना, म्हणून शेवटी भात पक्ष्याला घातला. सगळा खाल्ला. पाणी प्यायला, मान झटकली, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो. काही नाही.

नियम आता गावात उरलेला नाही. मी तो मोडला आणि दुसऱ्या दिवशी पाच जणांनी, महिनाभर चालणाऱ्या घरोघरच्या मोलुदसाठी बांधून ठेवलेली आपापली गप्प पिल्लं परत खुराड्यात नेली. आता सगळी गल्ली थांबून आहे.

दुरासीद


सिंगराजा
११ सप्टेंबर १९९४

दादा,

सहाही पत्रं मिळाली. पहिली चार मी उघडली नव्हती. पाचवं आलं तेव्हा बायकोनं सगळी एकदम उघडली आणि वाचून दाखवली. माझा चष्मा फुटलाय असं मी सांगितलं होतं. माकुळ चांगली होती.

त्या दिवशी मी किनाऱ्यावर गेलो नव्हतो. चुलीच्या कुडामागं, नारळाच्या सोडणांच्या ढिगापाशी उभा होतो. बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. तू जे ऐकलंस ते मीही ऐकलं. हातिमावहिनीच्या हातातून तांब्या पडला तोही ऐकला. ते तू लिहिलं नाहीस.

मग पिशवीचं निमित्त करून आत आलो आणि तुला विचारलं. कोंबड्यासाठी मी घर सोडलं असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. कोंबडं नियमात गेलं, एप्पांनीही कापलं असतं. तू काय सांगतोस ते ऐकायला मी उंबऱ्यात उभा होतो.

इथल्या बाजारात कोंबडी सोलणाऱ्यांची एक रांग आहे. मी तिथून जात नाही. लोक समजतात मला वास सोसत नाही.

तू विचारलंस, किती दिवस थांबणार होतो. आकडा नव्हता. तो म्हातारा होऊन मरेपर्यंत थांबलो असतो.

वारा पडला की जुमालीबरोबर येतो. पिंजरा उंच टांगला असशील तर खाली घे, हिंदकळला की ते बिचकतं. आलं घालू नकोस. मका रात्रभर भिजवून दे. आरसा काढ. हर्तोनोला डोंगरावर पाठवलंस त्याचं मला हसू आलं, हे वहिनीला सांग, तुला नाही.

मी यायच्या आधी ते आरवलंच, तर कळवू नकोस. मला ते स्वतः ऐकायचंय.

मिस्नावी